रुग्णशय्येपाशींचें जागरण

आईबापांच्या मोठ्या आजारपणानें घराचा क्रम उलटा होतो. ज्या हातानें लहानपणीं घांस भरवला, त्याच हाताला आतां पेला धरवत नाहीं. ज्या आवाजानें अंधाराची भीति घालविली, तोच आवाज आतां मध्यरात्रीं हांक मारतो. साधा ताप असला तर चार दिवसांत हा क्रम पुन्हां सुलटा होतो. कर्करोगाचें तसें नाहीं. तपासण्या, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार अशा पायऱ्या चढतां चढतां सहा महिने, कधीं वर्ष, कधीं त्याहूनहि अधिक काळ जातो, आणि प्रत्येक पायरीवर पुढें काय हा प्रश्न उभाच असतो. अशा वेळीं ख्रिस्ती घरांतील मुलगी किंवा मुलगा आपल्या श्रद्धेकडे वळला, तर त्यानें तिच्यापाशीं काय मागावें, आणि श्रद्धा त्याच्यापाशीं काय मागते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पहिलें मागणें सर्वांच्याच ओठांवर असतें: आई बरी व्हावी. तें मागणें योग्यच आहे. शुभवर्तमानांत येशूकडे येणारीं माणसें हेंच मागत. याईराला आपली मुलगी परत हवी होती. पेत्राची सासू तापानें पडली तेव्हां घरच्यांनीं येशूला तिच्याविषयीं लगेच सांगितलें. परंतु ज्या श्रद्धेचा सारा भार या एकाच मागण्यावर टेकलेला असतो, ती प्रत्येक अहवालाबरोबर वर-खालीं होत राहते. गांठ लहान झाली म्हणजे देव जवळ, ती पुन्हां वाढली म्हणजे देव दूर. अशी श्रद्धा आधार देण्याऐवजीं रुग्णाच्या चिंतांत आणखी एका चिंतेची भर घालते.

शुभवर्तमानांत दुसरेंहि एक मागणें आहे, आणि तें येशूनें माणसांकडे केलेलें आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीं गेथशेमाने बागेंत त्यानें पेत्र आणि जब्दीचे दोन पुत्र यांना बरोबर घेतलें, आपल्या मनाची व्यथा त्यांना उघड सांगितली, आणि आपल्यासोबत जागें राहण्याची विनंती केली. संकटावर उपाय त्यानें त्यांना विचारला नाहीं. दुःखाचा प्याला टळावा ही प्रार्थना तो स्वतःच करीत होता. शिष्यांनीं जवळ असावें एवढेंच त्याला हवें होतें, आणि तेवढेंहि त्यांना साधलें नाहीं. रुग्णाच्या उशाशीं बसलेल्या मुलामुलींना श्रद्धा जें काम नेमून देते, तें याच रात्रीच्या कथेंत आहे. रोग बरा करण्याचा भार त्यांच्यावर नाहीं. जागें राहण्याचा आहे. हें काम दिसावयास लहान आहे, परंतु महिनेच्या महिने तें करूं जातां त्याची थोरवी कळूं लागते.

जागें राहणें म्हणजे प्रथम बोलण्याची घाई न करणें. रोगाचें नांव कळतांच घरांत ‘हें आपल्यालाच कां?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर देण्यास शेजारीपाजारी, नातलग, मंडळींतील वडीलधारीं माणसें तत्पर असतात. कोणी देव परीक्षा पाहतो आहे म्हणतें. कोणी जुन्या चुकीची आठवण देतें. कोणी प्रार्थनेंत खंड पडल्याचें सुचवितें. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनींहि असेंच विचारलें होतें: पाप कोणाचें, त्याचें कीं त्याच्या आईबापांचें? येशूनें दोन्ही उत्तरें नाकारलीं. ईयोबाचे तीन मित्र समाचाराला आले तेव्हां सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्या सात दिवसांत त्यांच्या हातून कांहींच चुकलें नाहीं. तोंड उघडून ते त्याच्या दुःखाचीं कारणें शोधूं लागले, तेव्हां चुकले. आणि ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप त्या उपदेशकांवर झाला, तक्रार करणाऱ्या ईयोबावर झाला नाहीं.

वैद्यकहि येथें श्रद्धेच्याच बाजूनें बोलतें. शरीरांतील पेशींच्या जनुकांत बिघाड होऊन त्यांची वाढ अनिर्बंध झाली म्हणजे कर्करोग होतो. तंबाखूसारखीं कांहीं कारणें पक्कीं ठाऊक आहेत. वाढतें वय हें एक मोठें कारण आहे. तरी अमक्याच बाईला तो कां झाला, हें पुष्कळदां सांगतां येत नाहीं. स्पर्शानें किंवा एका ताटांत जेवल्यानें तो दुसऱ्याला होत नाहीं. म्हणून आईचा पेला आणि ताटली वेगळी काढण्याचा प्रसंग घरांत येऊंच नये. ही शिक्षा नाहीं, हा विटाळ नाहीं, असें तिला एकदां स्पष्ट शब्दांत सांगणें ही सेवाच होय. कारण मागील पिढीची स्त्री तोंडानें कांहीं न बोलतां मनांत स्वतःलाच दोषी धरीत असण्याचा संभव फार.

दुसरी कसोटी औषधाची. प्रार्थना आणि उपचार यांत विरोध आहे अशी समजूत अधूनमधून डोकें वर काढते. केमोथेरपीचे दोन फेरे सोसून खंगलेल्या रुग्णाला एखादा प्रार्थना-सभेचा वक्ता सांगतो कीं, खरा विश्वास असेल तर सुईची गरज नाहीं. थकलेल्या आईला हें ऐकावयास गोड लागतें, आणि तिचे हाल न बघवणाऱ्या मुलालाहि. परंतु हा उपदेश पवित्र शास्त्राला धरून नाहीं. यहूदाचा राजा हिज्किया मरणाला टेकला असतां त्यानें भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली. ती ऐकली गेली, आणि त्याच कथेंत यशयाच्या सांगण्यावरून त्याच्या गळवावर अंजिरांचा लेपहि बांधला गेला. कॅथलिक बायबलांत असलेल्या सिराखपुत्राच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो आणि औषधांना देवाची निर्मिति समजतो. तिसऱ्या शुभवर्तमानाचा कर्ता लूक हा वैद्य होता अशी परंपरा आहे.

आपल्या प्रांतांतील इतिहासहि हेंच सांगतो. मिरजेला १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं जें रुग्णालय उघडलें, तें धर्मप्रचारासाठीं आलेल्या माणसानें उघडलेलें होतें. प्रार्थना करून शस्त्रक्रियेला हात घालण्यांत त्याला कांहीं विसंगति दिसली नाहीं. परळचें टाटा स्मारक रुग्णालय तर एका घराच्या शोकांतून उभें राहिलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें गेल्या; सर दोराबजींच्या नांवच्या विश्वस्तनिधीनें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं हें रुग्णालय सुरू केलें. तें घराणें पारशी. पण तेथें शस्त्रक्रिया करणाऱ्यांत डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारखा गोमंतकीय ख्रिस्ती शल्यविशारद होता, आणि रुग्णालयाजवळच्या रस्त्याला आज त्यांचेंच नांव आहे. कर्करोग वेळेवर ओळखून उपचार पुरे केले तर त्याचे अनेक प्रकार बरे होतात. अर्ध्यावर सोडलेला उपचार मात्र रोगाला वेळ देतो. आईला सभेला न्यावें, तिच्यासाठीं उपास करावा, नवस बोलावा; परंतु ठरल्या तारखेला तिला रुग्णालयांत पोंचवावें. तारीख चुकविणें हा विश्वास नव्हे.

या जागरणाचें रोजचें रूप कसें असतें? वसईकडील एखाद्या घराची कल्पना करावी. आईच्या स्तनांतील गांठ काढलेली आहे आणि दर तीन आठवड्यांनीं केमोथेरपी चालू आहे. मुलगी पहाटेच्या लोकलनें तिला घेऊन दादरला उतरते, टॅक्सीनें परळ गांठते, फाईल हातांत धरून रांगेंत बसते आणि दिवेलागणीनंतर घरीं येते. पुढच्या दिवसांत मळमळ, तोंडाची गेलेली चव, तोंड येणें, अंगांतलें त्राण जाणें हीं सारीं तिला पाहावीं लागतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत उशीवर केस दिसूं लागतात. बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान रक्तांतील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहावयाची नसते. रात्र असो वा पाऊस, तत्काळ डॉक्टरांना कळवून रुग्णालय गांठावयाचें असतें. उशाशीं क्रुसाची मूर्ति असावी आणि तिच्याशेजारीं थर्मामीटर असावा. दोन्ही जागरणाचींच साधनें आहेत.

याच दिवसांत आई रविवारच्या मिस्सेला जाण्याचें टाळूं लागते. गर्दींत संसर्गाचें भय असतें हें खरें. परंतु केस गेलेलें डोकें लोकांना दिसेल ही लाजहि त्यांत असते. अशा वेळीं ‘देवाला केसांशीं काय करायचें आहे?’ असें म्हणून तिची लाज उडवून लावूं नये. तिनें आयुष्यभर नीट विंचरलेली वेणी गेली आहे. तिला दुःख करूं द्यावें. फादरांना निरोप दिला तर कम्युनियन घरीं येतें. संध्याकाळची रोजरी तिच्यानें पुरी म्हणवत नसेल तर मुलीनें म्हणावी आणि आईनें नुसती ऐकावी. लहानपणीं उलट होतें: आई म्हणे आणि मूल पेंगत असे.

पैशाचा प्रश्नहि श्रद्धेबाहेरचा नाहीं. वाटेंत घायाळ पडलेल्या माणसाच्या जखमांवर शोमरोन्यानें तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें आणि मालकाला दोन दीनार देऊन पुढच्या खर्चाचीहि हमी घेतली. प्रवास, निवास आणि खर्च हे तिन्ही त्या एका दृष्टांतांत आहेत. मार्काच्या ७ व्या अध्यायांत तर येशूनें, मिळकत देवाला वाहिली असें सांगून आईबापांच्या पोषणांतून अंग काढणाऱ्यांची कडक हजेरी घेतली आहे. देवळाला मोठी देणगी देऊन आईच्या औषधाचा वांटा भावावर ढकलणाऱ्या मुलानें तो अध्याय पुन्हां वाचावा. तसेंच, सगळें काम एकट्या मुलीवर किंवा सुनेवर पडूं देणें हेंहि न्यायाचें नाहीं. मोशेचे उंचावलेले हात जड झाले तेव्हां अहरोन आणि हूर यांनीं दोन्ही बाजूंनीं त्यांना आधार दिला होता. शेजारणीनें पाठविलेला जेवणाचा डबा, मंडळींतील एखाद्या तरुणानें रुग्णालयांत घातलेली एक पाळी, भावानें परगांवाहून न चुकतां पाठविलेली रक्कम, हे त्या आधाराचेच प्रकार होत.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. पुष्कळ घरांत आईला रोगाचें नांव सांगत नाहींत. ‘तिला सहन होणार नाहीं’ असें सांगून डॉक्टरांनाहि गप्प राहावयास विनवितात. हेतु प्रेमाचा असतो. परंतु परळच्या त्या इमारतींत पाऊल टाकतांच आपण कोठें आलों हें आईच्या ध्यानांत येतें. मग दोन्ही बाजूंनीं नाटक सुरू होतें. मुलगी तिला कळूं नये म्हणून हंसते, आणि मुलीला वाईट वाटूं नये म्हणून आई न कळल्यासारखें करते. एकाच खोलींत दोघी एकट्या पडतात. सत्य एका दमांत ओतावें असें नाहीं. ती जेवढें विचारील तेवढें सांगावें, न विचारील तें लादूं नये, पण विचारलेल्या प्रश्नाला खोटें उत्तर देऊं नये. वधस्तंभावरून येशूनें आईला जवळच्या शिष्याच्या हवालीं केलें, तें आपण जाणार हें उघड धरूनच. खोटा धीर देत बसलेल्या घरांत अशी निरवानिरव होऊं शकत नाहीं, आणि क्षमा मागावयाची राहिली असेल तर तीहि राहून जाते.

कॅथलिक घरांत याच भीतीपायीं फादरांना बोलावण्यास उशीर होतो. धर्मगुरु तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, असा ग्रह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, कारण त्या संस्काराला अनेक शतकें अंत्य अभ्यंगच म्हणत. मुळांत याकोबाच्या पत्रांत रुग्णानें मंडळीच्या वडिलांना बोलवावें, त्यांनीं तेल लावून प्रार्थना करावी, असें सांगितलें आहे. मरणाची अट तेथें नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं याकडेच लक्ष वेधलें, आणि १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं विधि सुधारून तो रुग्णांचा संस्कार म्हणून नव्यानें घालून दिला. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. आजार वाढला तर तो पुन्हांहि घेतां येतो. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वींहि घेतां येतो. आईला शुद्ध आहे, ती प्रार्थनेत आपला आवाज मिसळूं शकते, अशा वेळीं तो झाला तर तिला त्यांतून बळ मिळतें.

वेदनेच्या बाबतींत एक चुकीची भक्ति आढळते. ख्रिस्तानें सोसलें, तेव्हां आपणहि सोसावें, असें सांगून कांहीं रुग्ण मॉर्फिन नाकारतात, आणि व्यसन लागेल या भयानें मुलेंहि तें टाळतात. स्वतःचें दुःख देवाला अर्पण करणें हा रुग्णाचा खासगी अधिकार आहे; तें त्याच्यावर लादण्याचा अधिकार मुलांना नाहीं. पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालीं डॉक्टरांपुढें बोलतांना, वेदना शमविण्यासाठीं गुंगी आणणारीं औषधें देण्यास धर्माची हरकत नाहीं असें स्पष्ट केलें. त्याच वर्षीं दुसऱ्या एका भाषणांत, जीव राखण्यासाठीं असाधारण उपाय योजलेच पाहिजेत असें बंधन नाहीं, हेंहि सांगितलें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मोजून दिलेलें मॉर्फिन कर्करोगाच्या वेदनेवर सुरक्षित आहे. भारतांत १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर तें मिळणें फार दुर्घट झालें होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें ती वाट पुष्कळ मोकळी केली.

या विषयांत डॉ. सिसिली सॉंडर्स या इंग्रज विदुषीचें ऋण मोठें आहे. आधीं परिचारिका, मग रुग्णालयांतील समाजसेविका, आणि शेवटीं १९५७ सालीं डॉक्टर, अशा तिन्ही वाटांनीं त्या रुग्णाजवळ गेल्या. वेदना असह्य होईपर्यंत न थांबतां ठराविक तासांनीं मॉर्फिन द्यावें, आणि वेदना शरीराबरोबर मनाची, घराची आणि आत्म्याचीहि असते हें ओळखावें, ही त्यांची शिकवण. १९६७ सालीं त्यांनीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलें. त्या गाढ श्रद्धेच्या ख्रिस्ती होत्या, आणि आपल्या कार्याचा पाया सांगतांना १९६५ सालच्या एका लेखांत त्यांनीं गेथशेमानेंतील त्या विनंतीचाच आधार घेतला. तरी त्या संस्थेचें दार कोणत्याहि धर्माच्या, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसाला उघडें राहिलें. मुंबईंत वांद्र्याच्या माउंट मेरी देवळाजवळ डॉ. लुइस जोसे डिसोझा या कर्करोगतज्ज्ञांनीं १९८६ सालीं स्थापन केलेलें शांति अवेदना सदन हें भारतांतील अशा प्रकारचें पहिलें घर. रोग बरा होण्यापलीकडे गेल्यावरहि करण्यासारखें पुष्कळ उरतें, हें या संस्थांनीं दाखविलें.

कारण तो दिवसहि कांहीं घरांत येतो. डॉक्टर पुढचा फेरा देऊं नये म्हणतात. तेव्हां श्रद्धा हरली असें मानणाऱ्यांनीं पौलाचें उदाहरण पाहावें. शरीरांतला कांटा निघावा म्हणून त्यानें तीनदां विनविलें. कांटा राहिला, आणि त्याबरोबर जगण्याचें बळ त्याला मिळालें. मुलाच्या मनांत या वेळीं देवाविषयीं राग आला तर त्यानें स्वतःला नास्तिक समजूं नये. स्तोत्रसंहितेंतील कितीतरी स्तोत्रें देवाला जाब विचारणारीं आहेत, आणि मंडळीनें तीं ग्रंथांतून काढून टाकलीं नाहींत. पुष्कळदां असेंहि घडतें कीं मुलाच्यानें प्रार्थना होत नाहीं आणि अंथरुणावरची आईच त्याच्यासाठीं ती करते. आधार देणारा कोण आणि घेणारा कोण, हें मग ठरवितां येत नाहीं, आणि ठरविण्याची गरजहि उरत नाहीं.

एक शेवटची गोष्ट त्यांच्यासाठीं, ज्यांना आपण कमी पडलों असें वाटतें. महिनोन्‌महिने जागणाऱ्या माणसाचा कधींतरी डोळा लागतो. कधीं आवाज चढतो. कधीं नेमका तो नसतांनाच आईनें हांक मारलेली असते. गेथशेमानेंतील शिष्यहि तीनदां झोपले. येशूनें त्यांना विचारलें, पण टाकलें नाहीं. तिसऱ्या खेपेला त्यांना उठवून तो बरोबरच घेऊन निघाला. आणि त्या रात्रीं ज्याला एक तासहि जागवलें नाहीं, त्याच पेत्राकडे पुढें समुद्रकांठीं कळपाची राखण सोंपविली गेली. तेव्हां काल रात्रीं ज्याचा डोळा लागला त्यानें आज पुन्हां खुर्ची ओढून आईजवळ बसावें, तिच्या औषधाची वेळ पाहावी आणि तिचा हात हातांत घ्यावा.